आगाशिवाचा डोंगर, जिवंत पाणी आणि दंतकथा

कराड शहराच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गावर मलकापूर हे गाव आहे. महाराष्ट्रात या नावाची गावे अनेक असल्यामुळे प्रस्तुत लेखात कराडलगतचे मलकापूर अभिप्रेत आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. या गावाच्या पाठीशी आगाशिवाचा डोंगर उभा आहे. डोंगरमाथ्यावर महादेवाचे देऊळ, उतारावर बौद्ध लेणी, लेण्यांशेजारी पाण्याची टाकी आणि पायथ्याशी जखिणवाडी नावाची वस्ती, असा हा परिसर आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे दगड आणि पाणी यांच्याइतकीच नावेही बोलकी वाटतात. या नावांच्या आणि त्यांच्याभोवती गुंफलेल्या कथांच्या आधारे काही विचार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विचारास निमित्त झाले ते एका प्रश्नाचे. आगाशिव, सदाशिवगड, मच्छिंद्रगड हे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी होत काय, असे विद्यार्थी वारंवार विचारतात. पुष्कळदा तर ते विचारीत नाहीत, ठामपणे सांगतात. शंकूसारखा डोंगर दिसला, त्याचा दगड काळा असला आणि कड्यातून पाणी झिरपत असले, की 'हा मृत ज्वालामुखी' असे म्हणण्याची रीत आता रूढ झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती रूढ होताना आपण काय गमावीत आहो, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम डोंगराविषयी. दख्खनच्या पठाराचा काळवत्री दगड अग्निजन्य आहे, यात शंका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि एकावर एक थर साचत गेले. आजही या दगडाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यांकडे दुरून पाहिल्यास तो किती चपखल आहे हे सहज पटते. कर्नल साइक्स याने या पठाराचे भूवर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाही एकावर एक रचलेल्या या आडव्या थरांनीच त्याचे लक्ष वेधले होते.

आता आडवे थर आणि ज्वालामुखीचा शंकू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शंकू मुखाभोवती राख आणि लाव्हा साचून वर चढत जातो. आगाशिवासारखा डोंगर याच्या नेमका उलट रीतीने घडलेला आहे. पूर्वी सलग असलेले पठार कृष्णा, कोयना आणि त्यांच्या ओढ्यांनी कोट्यवधी वर्षे कापून काढले. जे कापले गेले त्याची खोरी झाली, आणि जे उरले ते डोंगर झाले. म्हणून समोरासमोरच्या डोंगरांत तेच थर पुष्कळदा सारख्या उंचीवर आढळतात. आगाशिव हा उगवलेला डोंगर नव्हे, उरलेला डोंगर आहे.

या म्हणण्यास अलीकडे खोलवरचा पुरावाही मिळाला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या खोऱ्याखाली काय आहे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नाही. पुढे भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल विवरे खोदण्यात आली, आणि त्या कामासाठी भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा कराड येथेच स्थापन झाली. रासाटी येथील विवरात सुमारे ९३० मीटरांपर्यंत, तर गोठणे येथील विवरात सुमारे साडेबाराशे मीटरांपर्यंत लाव्ह्याचे थर लागले. त्यांच्याखाली थेट जुना ग्रॅनाइटसदृश पाया लागला. थर तेथे संपतात. धुमसते असे काही तळाशी सापडलेले नाही.

मग डोंगरातून पाणी का येते? याचेही उत्तर थरांतच आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरते, घट्ट थरावर किंवा या तांबड्या पट्ट्यावर अडते, आडवे वाहू लागते, आणि जेथे उतार हा थर कापतो तेथे बाहेर पडते. म्हणून झरे डोंगरावर वाटेल तेथे नसतात. ते विशिष्ट पातळीवर, कड्याच्या तळाशी, रांगेने असतात. महाबळेश्वरास याच व्यवस्थेवर जांभ्याचे सच्छिद्र आवरण आहे. पावसाळ्यातील पाणी ते साठवून ठेवते आणि सावकाश सोडते.

येथे एका भेदाची नोंद करणे इष्ट आहे. सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत. तुरळ, राजवाडी, उन्हवरे, उन्हेरे, वज्रेश्वरी ही नावे प्रसिद्धच आहेत. यांपैकी दोन नावांत संस्कृत 'उष्ण' शब्दाचे प्राकृत रूप 'उण्ह' स्पष्ट दिसते. परंतु ही उष्णताही विझत आलेल्या ज्वालामुखीची नव्हे. भेगांवाटे फार खोल गेलेले पाणी भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापून वर येते. कराडकडील झरे थंड आहेत, कारण त्यांचे पाणी तेवढे खोल जातच नाही.

आता शब्दांकडे वळू. मराठीत पाण्याच्या उगमासाठी जे शब्द आहेत, ते लोकांनी पाणी किती बारकाईने पाहिले होते याची साक्ष देतात. 'झरा' वाहतो, 'पाझर' झिरपतो, 'उपळ' खालून वर उसळते, 'उमाळा' दाटून येतो. उमाळा हा शब्द तर पाण्यावरून मनाला लागला आणि तेथेच स्थिरावला. झऱ्याला आपण 'जिवंत' म्हणतो. तो 'फुटतो' आणि 'आटतो'. 'झरा' आणि 'पाझर' या दोहोंच्या मुळाशी संस्कृत 'क्षर्' धातू आहे. प्राकृतात क्षरति याचे झरइ झाले, आणि प्र-उपसर्गासह पज्झर हे रूप आले. शिष्ट संस्कृतातील 'निर्झर' हा शब्द या प्राकृत झकारासहच संस्कृतात शिरला आहे. याचा अर्थ असा, की उगमाजवळच्या लोकांची बोली येथे पंडितांच्या भाषेला शब्द देऊन गेली.

याच 'क्ष' चा दुसरा परिणाम 'ख' असा होतो, आणि त्याचे उदाहरण आगाशिवाच्या पायथ्याशीच आहे. 'जखीण' हा शब्द 'यक्षिणी' पासून आला. यकाराचा ज आणि क्षकाराचा ख, हे दोन्ही बदल प्राकृताच्या नियमाला धरून आहेत. ध्वनी नियमाने बदलले, अर्थ मात्र घसरला. यक्षिणी ही मूळची वृक्ष, जल आणि समृद्धी यांची देवता होती. जखीण ही आज बाईचे भूत आहे. तिची बहीण 'जाखाई' मात्र काही गावांत देवीच्या पदावर टिकून आहे. एकाच शब्दाची एक शाखा देवळात गेली आणि दुसरी स्मशानात.

आगाशिवाच्या लेण्यांना हा संदर्भ विशेष लागू पडतो. साठाहून अधिक असलेल्या या लेण्यांचे वर्णन बार्टल फ्रिअर याने १८४९ च्या सुमारास केले, आणि पुढे फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात त्यांना स्थान मिळाले. येथील एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याचा उल्लेख आहे. कराडचे प्राचीन नाव करहाटक, प्राकृतात करहाकट. या नगरातील दात्यांची नावे मध्य भारतातील भारहूत येथील स्तूपाच्या शिलालेखांत आढळतात, आणि कोकणातील कुडे येथील एक लेणे येथल्याच एका लोहव्यापाऱ्याने दान दिलेले आहे. भारहूतच्या कठड्यावर यक्ष-यक्षिणींच्या मूर्ती त्यांच्या नावांसह कोरलेल्या आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. करहाटकातील माणसे ज्या स्तूपाला दान देत होती, त्या स्तूपावर यक्षिणीला मानाची जागा होती. एवढ्यावरून जखिणवाडीचे नाव थेट त्या काळापर्यंत नेणे धाडसाचे होईल. 'जखीण' शब्द भूतवाचक झाल्यानंतरही हे नाव पडणे शक्य आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगराखालच्या लोकांना यक्षिणी परकी नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात असे दाखवून दिले, की पश्चिम महाराष्ट्रातील बौद्ध लेणी, जुने व्यापारी मार्ग आणि मातृदेवतांची ठाणी यांचा निकटचा संबंध आहे. या तिहींत चौथी गोष्ट मिळवावी असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती म्हणजे पाण्याची पातळी. भिक्षूंना पावसाळ्यात निवारा हवा होता आणि उन्हाळ्यात पाणी. लेण्यांच्या शिलालेखांत टाक्यासाठी 'पोढि' हा शब्द येतो, आणि लेण्यासोबत पोढीचे दान दिल्याचे उल्लेख कान्हेरी, जुन्नर येथे वारंवार आढळतात. टाके कोरणाऱ्या पाथरवटाला भूशास्त्र ठाऊक नव्हते, पण पाणी कोणत्या दगडावर थांबते हे ठाऊक होते.

आता दंतकथांकडे पाहू. कृष्णेच्या उगमाची कथा सर्वश्रुत आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला, सावित्रीला येण्यास विलंब झाला म्हणून गायत्रीला तिच्या जागी बसविले, आणि रागावलेल्या सावित्रीने देवांना जलरूप होण्याचा शाप दिला. विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला, ब्रह्मा ककुद्मती म्हणजे कोयना झाला. जुन्या महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळात पाच प्रवाह एकत्र दाखवितात, आणि भागीरथी दर बारा वर्षांनी तर सरस्वती साठ वर्षांनी तेथे प्रकट होते असे मानतात. शापाने विखुरलेले देव पुन्हा भेटतात ते माहुलीस आणि कराडच्या प्रीतिसंगमावर. दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात, हे तेथील दुर्मिळ दृश्य कथेने आधीच पाहून ठेवले आहे.

ही झाली पुराणांची कथा. झऱ्याकाठची कथा याहून साधी असते. झऱ्यापाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्या साती आसरा. 'आसरा' हा शब्द 'अप्सरस्' पासून प्राकृत 'अच्छरा' या रूपाद्वारे आला आहे. आश्रय या अर्थाच्या 'आसरा' शब्दाशी त्याचा मुळात संबंध नाही, पण बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ मिसळून जातात. आसरांना विटाळ खपत नाही, पाण्यात घाण केलेली खपत नाही. त्या रुसल्या म्हणजे पाणी आटते. विटाळाच्या या कल्पनेने कित्येकांना पाण्यापासून दूरही ठेवले, हे येथे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगितली जाणारी दुसरी कथा लग्नाच्या भांड्यांची. कार्याच्या आदल्या दिवशी पाण्याला विनवावे, सकाळी काठावर भांडी मिळावीत, काम होताच ती परत करावीत. एकाने लोभाने एक भांडे ठेवून घेतले, आणि तेव्हापासून पाण्याने देणे बंद केले. सांगली जिल्ह्यात कुंडलच्या डोंगरात झरी पार्श्वनाथाच्या मूर्तीवर खडकातून पाणी ठिबकत असते. तेथे पाझर हाच अभिषेक झाला आहे, आणि देवाच्या नावातच झऱ्याचे नाव आले आहे.

या सर्व कथांत एक गोष्ट कोठेही नाही. अग्नीचा उद्रेक नाही. ते स्वाभाविकच आहे, कारण तो उद्रेक पाहण्यास मनुष्य नव्हता. मराठीत त्यासाठी देशी शब्दही नाही. 'ज्वालामुखी' हे मूळचे देवीचे नाव. हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात जेथे जमिनीतून निघणारा वायू जळतो त्या क्षेत्राचे. आजच्या अर्थाने तो शब्द आधुनिक काळात भूगोलाच्या पुस्तकांनी रूढ केला. लोणारचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पुराणकथेने त्या विवराला लवणासुराचे स्थान मानले, कित्येक अभ्यासकांनी ज्वालामुखीचे मुख मानले, आणि ते उल्केच्या आघाताने झाले याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. शास्त्राच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट शास्त्र असतेच असे नाही. कधी कधी ती नवी दंतकथाच असते.

दोहोंत एक अंतर मात्र आहे. जुनी दंतकथा पाण्याविषयी वर्तनाचा नियम सांगत होती. घाण करू नका, गरजेपुरते घ्या, घेतलेले परत करा. 'मृत ज्वालामुखी' ही नवी कथा असा कोणताही नियम सांगत नाही. उलट डोंगर मेलेला आहे असे ती सांगते, आणि मेलेल्या डोंगराला खणावयास कोणास संकोच वाटणार? डोंगराचा माथा आणि उतार खणले, झाडी गेली, विंधनविहिरींनी थरांतले पाणी ओढले, की पायथ्याचा झरा आटतो. त्यात रुसवा नाही, वर सांगितलेल्या थरांचाच तो हिशेब आहे.

मलकापूरला आज कोयनेचे पाणी नळाने मिळते. चोवीस तास पाणीपुरवठा आणि घरोघरी मीटर, ही योजना यशस्वी करणाऱ्या राज्यातील पहिल्या छोट्या शहरांत या गावाची गणना झाली, आणि ती अभिमानाचीच गोष्ट आहे. डोंगरावरून हंडे वाहणाऱ्या बायकांचे कष्ट कोणीही पुन्हा मागणार नाही. मीटर हाही एक नियमच आहे, भांडे परत करण्याच्या नियमाची आजची आवृत्ती म्हणा. परंतु तो नळाचे पाणी मोजतो, डोंगराचे मोजीत नाही. झऱ्यावर जाणे थांबले की त्याचे नाव घेणे थांबते. नाव गेले की तो आटला हेही कोणास कळत नाही.

म्हणून या विभागातील विद्यार्थ्यांपुढे एक साधे काम ठेवावेसे वाटते. कराड, पाटण, वाळवे, शिराळे या तालुक्यांतील प्रत्येक झऱ्याचे, टाक्याचे आणि कुंडाचे नाव जागेवर जाऊन टिपावे. ते कोणी सांगितले, कोणत्या उच्चाराने सांगितले, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, आणि त्याची कथा काय, हेही लिहावे. अशी यादी भाषाशास्त्राला उपयोगी पडेल आणि भूशास्त्रालाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना ही नावे ठाऊक आहेत, त्यांच्या हयातीतच हे काम झाले पाहिजे.