कडकडाटाचा धनी

नाटक पाहून आलेली मंडळी नटांबद्दल बोलतात, नेपथ्याबद्दल बोलतात, मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल तर फारच तपशिलाने बोलतात, पण "दुसऱ्या अंकात वीज काय सुरेख कडाडली हो!" असं कोणी म्हटल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. वीज वेळेवर कडाडली, तर ती निसर्गाने कडाडवलेली असते. नाही कडाडली, तर मात्र अख्खं सभागृह माना वळवून मागच्या काचेच्या खोलीकडे बघतं. यश देवाचं आणि अपयश स्वतःचं, असा हा धंदा!

वास्तविक या धंद्याला इतिहास आहे, आणि तोही चांगला धगधगीत. 'धगधगीत' हे विशेषण मी अलंकार म्हणून वापरलेलं नाही. २९ जून १६१३ रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरच्या 'आठव्या हेन्री'चा प्रयोग चालू होता. राजेसाहेबांच्या प्रवेशाला तोफ उडवायची होती. ती अगदी वेळेवर उडाली. पण ठिणगी जाऊन बसली गवताच्या छपरावर, आणि तासाभराच्या आत थिएटर जमीनदोस्त! माणसं सगळी बचावली. एका गृहस्थांच्या विजारीने तेवढा पेट घेतला, तो कोणीतरी बाटलीतल्या दारूने विझवला म्हणतात. नाटकाला बाटली घेऊन येण्याचं इतकं सबळ कारण त्यानंतर कोणालाही देता आलेलं नाही. पुढच्या वर्षी ग्लोब पुन्हा उभं राहिलं ते कौलारू छपरासह. ध्वनियोजनेतली ही पहिली सुधारणा असावी!

यानंतरचे मानकरी जॉन डेनिस. १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात यांचं नाटक लागलं. या नाटकासाठी त्यांनी ढगांच्या गडगडाटाची एक नवीनच युक्ती शोधून काढली होती. नाटक पडलं. गडगडाट मात्र पसंत पडला. थोड्याच दिवसांनी त्याच थिएटरात 'मॅकबेथ' बघायला डेनिससाहेब गेले, तर ढग त्यांचेच! ते ताडकन् उठले आणि ओरडले, की हे लोक माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात, अशी हकिकत सांगतात. इंग्रजीत दुसऱ्याचं श्रेय लाटण्याला 'गडगडाट चोरणं' म्हणतात, ते तेव्हापासून. नाटककार विसरला गेला, त्याचा त्रागा भाषेत राहिला.

त्या काळी गडगडाट म्हणजे अंगमेहनत होती. ब्रिस्टलला १७६६ साली उघडलेल्या थिएटरात प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या माळ्यात उतरत्या लाकडी पन्हळी बसवलेल्या होत्या. त्यातून तोफेचे गोळे सोडायचे. ते गडगडत खाली येत आणि प्रेक्षक छत्र्या आठवत. इतर ठिकाणी विंगेत एक मोठा पत्रा टांगलेला असे. त्याचं खालचं टोक धरून तो गदागदा हलवला, की आषाढ सुरू.

मग ग्रामोफोन आला आणि घामाची जागा धडधडीने घेतली. फिरत्या तबकडीवर पावसाच्या नेमक्या रेघेवर सुई टेकवायची, तीसुद्धा अंधारात. एक रेघ इकडेतिकडे झाली, की पावसाच्या जागी कोंबडा आरवायचा. पुढे स्पूलचे टेप आले. दोन आवाजांच्या मधे रंगीत फीत चिकटवायची, म्हणजे पुढचा आवाज कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दिसायचं. ब्लेड आणि चिकटपट्टी हाताशी ठेवून बसलेला तो माणूस लांबून पाहिला तर ध्वनिसंयोजक वाटायचा नाही, कंपाउंडर वाटायचा.

आता हे सगळं एका संगणकात गेलं. २००६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर अॅशवर्थ यांनी 'क्यूलॅब' नावाची प्रणाली आणली. आज लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या थिएटरांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत ती चालते. साध्या कामापुरती ती फुकट मिळते, पण चालते फक्त मॅकवर. म्हणजे बासुंदी फुकट, वाटी तेवढी चांदीची आणा!

आमचा भाचा या कामात आहे. त्याने मला ती एकदा शेजारी बसवून दाखवली. नाटकातला प्रत्येक इशारा, म्हणजे क्यू, यादीत ओळीने मांडलेला. आवाज, चित्रफीत, दिवे, सगळं एकाच यादीत. आयत्या वेळी दिग्दर्शकाला नवीन आवाज सुचला तर बारा आणि तेराच्या मधे साडेबारा नंबर घालता येतो, आपल्याकडे सोसायटीत '१२ अ' घुसवतात तसा. मोठ्या पट्टीची कळ दाबली की क्यू सुटतो आणि पुढचा क्यू तयार होऊन उभा राहतो. घाबरून दोनदा दाबली तर दुसरं दाबणं मानायचं नाही, अशी सोय करून ठेवता येते. आणि सगळंच हाताबाहेर गेलं तर कोपऱ्यातली एक कळ दाबायची, की चालू असलेला सगळा गोंगाट हळूहळू मावळतो. ही कळ दिवाणखान्यात बसवून मिळेल का, असं मी विचारलं. भाच्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"आणि मामा, कळ दाबायलासुद्धा नको," तो म्हणाला. "एक क्यू संपला की इतक्या सेकंदांनी दुसरा आपोआप, असंही लावता येतं."

"मग तू कशाला?"

हा प्रश्न मी गमतीने विचारला होता. पण त्यांच्या तालमीत तो गंभीरपणे विचारला गेला होता. नाटकात एक म्हातारी आई मुलाचं पत्र वाचते, घडी घालते आणि फोन वाजतो. दिग्दर्शकाचं म्हणणं, घडीला वीस सेकंद लागतात, फोन आपोआप लावून टाका. आमचा भाचा एरवी भांडखोर नाही. पण या फोनसाठी तो दोन दिवस भांडला.

ही शांतता मोठी नाजूक चीज आहे. चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (मॉस्को, १९०४) सगळे गप्प बसलेले असताना लांबून, जणू आभाळातून, तार तुटल्यासारखा आवाज येतो. कशाचा, ते रंगमंचावर कोणालाच धड कळत नाही. तो आवाज एक क्षण आधी आला तर नुसता दचका, एक क्षण उशिरा आला तर नुसती चूक. त्या शांततेचं माप संहितेत लिहिता येत नाही. ते रोज संध्याकाळी नव्याने घ्यावं लागतं.

मी गेलो त्या प्रयोगाला त्या बाईंनी पत्राची घडी घातली आणि काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा उलगडली. तालमीत हे कधी नव्हतं. त्या परत वाचू लागल्या. वीस सेकंद गेले, तीस गेले. सभागृहात खोकलासुद्धा नाही. भाच्याचं बोट कळीवर अधांतरी. पडद्यावर तो क्यू तयार होऊन उभा होता. त्याला घाई नव्हती आणि दयाही नव्हती. बाईंनी कागद छातीशी धरला, श्वास सोडला, आणि फोन वाजला. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. त्या बाईंसाठी. काचेच्या खोलीकडे कोणीही वळून पाहिलं नाही.

तोफ गेली, गोळे गेले, पत्रा गेला, टेप गेला. हाताचं सगळं काम यंत्राने उचललं. पण समोरच्या माणसाचा श्वास ऐकून थांबणारं कोणीतरी अंधारात बसवावंच लागतं.

रात्री घरी आल्यावर आमच्या ताईने ताट वाढता वाढता लेकाला विचारलं, "एवढा महिनाभर घरात तोंड दाखवलं नाहीस. नाटकात करतोस तरी काय रे तू?"

"कळ दाबतो."

"एवढंच?"

"हो," तो वरणभात कालवत म्हणाला, "आणि आज एकदा दाबली नाही."