दात्यांची गणना आणि ठिणगीची वेळ : इंजिन-नियंत्रणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

मोटारगाडीच्या इंजिनाचा इतिहास लिहिताना १९७० नंतरच्या सुधारणांचे श्रेय सामान्यतः संगणकास दिले जाते. परंतु क्रँकशाफ्ट कोणत्या कोनात आहे हे कळल्यावाचून संगणकास ठिणगीची वेळ ठरविताच येत नाही. ही माहिती पुरविणारे दातेरी चक्र व त्याचा सेन्सर यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस अमेरिकेतील डेटन येथे विकसित केलेल्या पद्धतीत कॉन्टॅक्ट पॉइंट उघडताच ठिणगी पडे. पॉइंट झिजत, फट बदले, टाइमिंग सरके. स्थिती ओळखणे आणि वेळ ठरविणे ही दोन्ही कामे एकाच यांत्रिक भागाकडे होती. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आलेल्या बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीत ती स्पष्टपणे विभक्त झालेली दिसतात. तेथे एक सेन्सर फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दाते मोजी, तर दुसरा संदर्भखूण ओळखी. पुढे चक्रातील एक-दोन दाते मुद्दाम गाळून ही दोन्ही कामे एकाच सेन्सरकडे सोपविण्यात आली. ६० पैकी २ किंवा ३६ पैकी १ दाता गाळलेली चक्रे त्यातूनच रूढ झाली.

२००१ मध्ये ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जुळविण्याजोगा नियंत्रक उपलब्ध केल्यानंतर जुन्या इंजिनांवर अशी चक्रे बसविणे हौशी कारागिरांच्याही आवाक्यात आले. या कामातील ज्ञान इतिहासलेखनात क्वचितच नोंदविले जाते, ही उणीव आहे. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणारा क्रँकशाफ्ट १ अंश सुमारे २८ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. त्यामुळे चक्र किंचित जरी केंद्रच्युत बसले, तरी दात्यांमधील कालांतर फसवे होते. सेन्सर दात्यांपासून साधारण १ मिलिमीटरवर ठेवतात. चुंबकीय सेन्सरचा संकेत स्टार्टरच्या मंद गतीत क्षीण असतो. त्याच्या दोन तारांची अदलाबदल झाल्यास दात्याची भलतीच कड वाचली जाते. एडविन हॉल यांच्या १८७९ च्या शोधावर आधारलेल्या सेन्सरला वेगळा वीजपुरवठा लागतो, पण मंद गतीतही त्याचा संकेत स्पष्ट राहतो. रबर असलेल्या पुलीचे बाहेरील कडे कालांतराने घसरते. म्हणून चक्र आतल्या भागाशीच जखडणे इष्ट. गाळलेला दाता आणि पिस्टनचे वरचे टोक यांतील कोन संगणकास कळवावा लागतो. तो बरोबर आहे की नाही, हे मात्र पूर्वीप्रमाणेच टाइमिंग लाइटने पडताळावे लागते.

क्रँकशाफ्टवरील चक्राची एक मर्यादा राहते. चार-स्ट्रोक इंजिनाचे आवर्तन ७२० अंशांचे असल्याने हे चक्र दाबाचा व निष्कासनाचा स्ट्रोक यांत भेद करू शकत नाही. तो ओळखण्यासाठी कॅमशाफ्टच्या गतीने फिरणारा दुसरा सेन्सर हवा. आणि त्यासाठी अनेक कारागीर पॉइंट काढून टाकलेला जुना डिस्ट्रिब्युटरच वापरतात.