एकाच संगणकावर अनेक उपडोमेने

एकच वेब अॅप्लिकेशन प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र उपडोमेनवर दिले जाते, तेव्हा एकाची माहिती दुसऱ्याला दिसत नाही ना, याची खातरजमा ते इंटरनेटवर जाण्यापूर्वीच व्हावी लागते. त्यासाठी संगणकातील ‘होस्ट्स’ ही फाइल उपयोगी पडते. डीएनएसकडे विचारणा करण्याआधी संगणक सहसा या फाइलीत पाहतो. तीत १२७.०.०.१ या, म्हणजे स्वतःच्याच, पत्त्यापुढे हवी ती नावे लिहावीत. मात्र तारांकन घालून सर्व उपडोमेने एका फटक्यात बसवता येत नाहीत. प्रत्येक नाव वेगळे लिहावे लागते. नावे शेकड्याने असतील, तर ‘डीएनएसमास्क’सारखा छोटा सर्व्हर बरा.

नावाची निवडही जपून करावी. ‘.डेव्ह’ हे शेपूट अनेकांच्या अंगवळणी पडले होते. पण ते गूगलच्या ताब्यात गेले आणि डिसेंबर २०१७ मधील क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचे करताच अनेकांची चालती मांडणी बंद पडली. ‘.टेस्ट’ व ‘.लोकलहोस्ट’ ही शेपटे १९९९ पासून राखीव आहेत.

चाचणी संपताच नोंदी पुसाव्यात. खऱ्या संकेतस्थळाचे नाव फाइलीत राहून गेले, तर ते जगासाठी बंद पडल्यावरही परीक्षकाच्या पडद्यावर सुरळीत चाललेले दिसते.