टीव्हीवरच्या मुंग्या कुठे गेल्या?

मंडळी, एक साधा प्रश्न. आपल्याकडे ॲनालॉग टीव्ही नक्की कधी बंद झाला? ऑफिसात चहाच्या वेळी विचारून बघा. मुंबईकर म्हणेल २०१२, पुणेकर म्हणेल २०१३, आणि ग्रुपमध्ये बारामती-इंदापूरकडचा कोणी असेल तर तो म्हणेल, "आमच्याकडे डबा उशिरा आला रे, नोटाबंदीच्या आसपास." तिघंही बरोबर आहेत, पण तिघंही केबलबद्दल बोलतायत. गच्चीवरच्या अँटेनाचं काय झालं हे कोणालाच आठवत नाही. मला मात्र खरी गोष्ट तिथेच आहे असं वाटतं.

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि पुण्यात चित्र दिसायला लागलं. गडाची निवड अर्थातच उंचीसाठी. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे मनोरा जितका उंच तितकं क्षितिज लांब. आता जरा इंजिनीयरगिरी करतो, सहन करा. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, बारामतीचा परिसर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे साडेसातशे मीटरचा फरक. कॉलेजात शिकलेल्या सूत्रात हे आकडे घातले आणि घरावर दहा मीटरचा पाइप उभा केला असं धरलं, तर पल्ला येतो साधारण सव्वाशे किलोमीटर. सरळ रेषेत बारामती सिंहगडापासून सुमारे ९० किलोमीटर, इंदापूर सुमारे १३५.

म्हणजे कागदावर बारामती आत, इंदापूर बाहेर!

अर्थात कागदावर. प्रत्यक्षात मध्ये पुरंदरची डोंगररांग आडवी येते, त्यामुळे बारामतीचं "आत" असणंही तसं भरवशाचं नाही. पण ॲनालॉगची खरी गंमत इथेच आहे. सिग्नल कमी झाला की चित्र एकदम जात नाही, हळूहळू खराब होतं. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, मग रंग जातो, शेवटी नुसती खरखर. माणसाचा मेंदू त्या मुंग्यांतूनही चेहरा ओळखतो. पाइप उंच करा, बूस्टर लावा, एकाने वर चढून अँटेना फिरवा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडा. क्षितिजापलीकडच्या माणसालाही काही ना काही हाताला लागायचं, आणि हवा विशिष्ट असेल त्या दिवशी तर बरंच.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि चित्र बदललं. कार्यक्रम उपग्रहावरून घ्यायचा आणि छोट्या ट्रान्समीटरने आसपासच्या गावांना द्यायचा, अशी योजना आली. १९८४ मध्ये काही महिने तर जवळपास दिवसाला एक या वेगाने देशभर ट्रान्समीटर बसत होते. जानेवारी १९८७ मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा त्यामागे ही सगळी यंत्रणा उभी होती. हे सगळं फुकट, हे विसरू नका. तुमच्या घरात टीव्ही आहे की नाही, हे मनोऱ्याला माहीतच नसायचं.

केबलचंही पहिल्यांदा तेच होतं. नव्वदच्या दशकात केबलवाला मोठी छत्री लावायचा आणि एका वायरमधून सगळ्या गल्लीला जोडायचा. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आलं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी, आणि केबल ही गरजच होऊन बसली. पण वायर ॲनालॉग. जोडण्या किती, हे फक्त केबलवाल्याला माहीत. तो वाहिनीला सांगणार एक आकडा आणि करमणूक कर गोळा करणाऱ्या सरकारला दुसरा. दोन्ही अर्थातच कमी.

म्हणून मला २०११ च्या केबल कायद्यातली दुरुस्ती ही चित्र सुधारण्यापेक्षा मोजणी करणारी सुधारणा वाटते. डबा आला की प्रत्येक घराला एक नंबर मिळतो. जाहिरातींत दिसलं ते स्वच्छ चित्र आणि जास्त चॅनेल. तेही खोटं नव्हतं, एका ॲनालॉग चॅनेलच्या जागेत दहाच्या आसपास डिजिटल चॅनेल आरामात बसतात. पण घाई होती ती हिशोबाची.

टप्पे चार. मुंबई ३१ ऑक्टोबर २०१२. पुणे, पिंपरी-चिंचवड, सोलापूर वगैरे ३१ मार्च २०१३. बारामती आणि इंदापूर नगरपरिषदेची गावं, म्हणून तिसरा टप्पा: ३१ डिसेंबर २०१५. मग कोर्टकचेऱ्या, स्थगिती, आणि शेवटची तारीख ३१ जानेवारी २०१७. काटेवाडी किंवा भिगवण ग्रामपंचायतीची, म्हणून चौथा टप्पा, ३१ मार्च २०१७. एकाच तालुक्यात दोन तारखा! आणि १ फेब्रुवारी २०१९ ला नवे दर आले: तेव्हा १०० चॅनेलसाठी १३० रुपये अधिक कर, पे चॅनेलचे वेगळे.

आता अँटेना. अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. त्याआधी सरकारने डबा घ्यायला घरटी चाळीस डॉलरची दोन कूपनं दिली होती. आपल्याकडे प्रेक्षकांसाठी तारखा होत्या त्या केबलच्या. दूरदर्शनचे चौदाशेच्या घरातले ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि मार्च २०२२ पर्यंत, मोक्याच्या पन्नासेक जागा सोडल्या तर, काम आटोपलं. मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं. त्यात महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. बारामतीच्या अँटेनाला त्याचा काय उपयोग?

प्रसार भारतीचा हिशोब चूक होता असं मी म्हणणार नाही. जवळपास कोणी बघत नसताना मनोरे चालवायचे, वीज जाळायची, स्पेक्ट्रम अडवून ठेवायचा, हे कोणता इंजिनीयर मान्य करेल? पण "जवळपास कोणी नाही" यात जे उरतात ते कोण? ज्यांना महिन्याचे दीड-दोनशे जड जातात ते. त्यांच्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेलं डीडी डायरेक्ट प्लस, म्हणजे आजचं फ्री डिश, होतं आणि आहे. डबा-छत्रीचा खर्च एकदाच, मासिक भाडं नाही. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, त्यामुळे पुणे काय आणि इंदापूर काय, सारखंच. एकेकाळी या भागातली अँटेना पश्चिमेला सिंहगडाकडे तोंड करून असायची, फ्री डिशची छत्री बघते आग्नेयेकडे.

फक्त दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे मुंग्या गेल्या. डिजिटलमध्ये सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी चित्र लख्ख, आणि त्याखाली चौकोन-चौकोन होऊन थेट "नो सिग्नल". धो धो पाऊस आला की हे कळतं. अर्धवट दिसण्याची सोय संपली.

दुसरी, फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात. १ मार्च २०१९ ला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या चारही वाहिन्या एकदम तिथून गेल्या. २०२० मध्ये परत आल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. तेव्हा गच्चीवर चढून छत्री कितीही फिरवली असती तरी त्या येणार नव्हत्या.