लोणंदची आत्या आणि ‘राणू बिन संतू’

पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि लवकरच लोणंद लागते. कांद्याची बाजारपेठ, पुणे–मिरज लोहमार्गावरचे स्थानक आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम, एवढी या गावाची ओळख बहुतेकांना असते. या थ्रेडचा विषय मात्र वेगळा आहे : अशा गावातल्या घराण्याचा इतिहास नेमका कोणाजवळ असतो?

हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झाला. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे, शाळांचे दाखले, महसुली कागद बाहेर निघाले. त्यांतले पुष्कळ मोडीत आहेत. मोडी वाचणारा मिळाला तरी अडचण संपत नाही. नोंद असते ती ‘राणू बिन संतू’ अशा धाटणीची, म्हणजे संतूचा मुलगा राणू. आडनाव पुष्कळदा नसतेच. एका गावात चार राणू आणि त्यांतल्या दोघांचे बाप संतू असणे मुळीच अशक्य नाही. हा राणू आपला की भावकीतल्या दुसऱ्या घरचा, हे कागद सांगत नाही. ते सांगते ऐंशीच्या घरातली एखादी आत्या.

आत्याच का? काका गावातच राहिलेले असतात. त्यांची आठवण वाटण्यांनी आणि बांधाच्या भांडणांनी घासून गेलेली असते. आत्या कोवळ्या वयात पुरंदर, बारामती नाहीतर फलटणच्या बाजूला दिलेली. निघताना माहेर जसे होते तसेच ते तिच्या मनात थांबते. कोणता चुलता निपुत्रिक गेला, कोण दत्तक गेला, कोण मुंबईच्या गिरणीत गेला तो परतलाच नाही, हे तिला पाठ असते.

शिवाय लोणंदची सोयरीक सरकारी हद्दी पाळत नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा होऊन हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. पूर्वेस फलटणच्या निंबाळकरांचे संस्थान, पश्चिमेस भोरच्या पंतसचिवांचे, आणि नीरेपलीकडे पुणे जिल्हा. एकाच नात्यागोत्याचे कागद असे वेगवेगळ्या दप्तरांत विखुरले. त्यांना जोडणारा धागा लग्नांचाच.

नातेवाइकांचे सांगणे निर्मळ असते, असे मात्र मानू नये. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की घराण्याची हकीकत लिहून सादर केली जाई. तिला करीना म्हणत. गोतसभा बसे, वृद्धांच्या साक्षी होत, निवाड्याचा महजर होई. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांचा करीना सुप्रसिद्ध आहे. अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडले, ही हकीकत त्यातच वाचावयास मिळते. इतका मौल्यवान कागद, पण तो घराण्याने घराण्यासाठी सांगितलेला आहे, हे विसरता येत नाही. पुढे इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले तेव्हाही घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या आणि स्मरणे तासली गेली. आजची प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ ही त्याच जातकुळीची.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात या स्मरणाला एक त्रयस्थ साक्षीदारही आहे : हेळवी. बैल घेऊन हिंडणारे हे लोक सुगीनंतर यजमानाच्या दारी येतात, वहीतून कूळ, मूळ गाव, पिढ्या वाचून दाखवतात, नवे जन्म नोंदवतात आणि धान्य, कपडे घेऊन पुढे जातात.

या साऱ्याचे उत्तम उदाहरण लोणंदच्याच खंडाळा तालुक्याशी जोडलेले आहे. याच तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचे माहेर. त्यांच्या सासरचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. जोतीरावांचे पणजोबा तेथले चौगुले. गावच्या कुलकर्ण्याशी विकोपाला गेलेल्या वैरातून ते पुरंदरातल्या खानवडीस गेले, असे चरित्रकार सांगतात. आजोबा शेटिबा पुण्यात आले. त्यांच्या मुलांनी पेशव्यांकडे फुले पुरवली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. तीन पिढ्यांत तीन गावे आणि एक नवे आडनाव! पेशवाईतल्या कटगुणच्या कागदांत ‘फुले’ शोधणाऱ्याच्या हाती त्यांच्या पूर्वजांचे काय लागणार? तो दुवा घरच्या सांगण्याने टिकला.

आणि जोतीरावांना वाढवले कोणी? आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच वारल्या. सांभाळ केला तो मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी. वंशावळीच्या रूढ तक्त्यात मावसबहिणीला जागा नसते.

तक्त्याची ही रीत अजून बदललेली नाही. जातपडताळणीत वजन असते ते वडिलांकडच्या रक्तनात्याला. २६ जानेवारी २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करण्याची वेळ शासनावर आली, तेव्हा केवढा वाद झाला! लग्नघरात कोणाला मानाचे पातळ द्यायचे हे ठरवणारी बाई ती व्याख्या मुळीच न अडखळता करते. अर्थात तिच्या व्याख्येवर दाखले मिळत नाहीत.

आषाढीच्या वाटेवर लोणंदला पालखीचा तळ पडतो तेव्हा दर्शनाच्या निमित्ताने माहेरवाशिणी येतात. विचारायचे तर तेव्हाच विचारावे. मात्र ‘आपले खापरपणजोबा कोण?’ असे विचारले की आत्या ‘मला मेलीला काय ठाऊक’ म्हणून मोकळी होते. तिला तिच्या लग्नाचे विचारावे. मांडव कोणी घातला, देवक कोणते होते, मामा म्हणून मागे कोण उभे राहिले, आणि कोण रुसून जेवले नाही. रुसणाऱ्याचे नाव सांगताना ती त्याच्या बापाचेही सांगते, आणि पुष्कळदा आजोबाचेही.