लायगोचे व्यतिकरण आणि प्रथिनाचा मऊपणा

१/ हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंगाचे प्राचीन मंदिर आठवते. त्याच तालुक्यात आता लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला, तरी तो प्रकाशाच्या व्यतिकरणातून टिपायचा आहे. याच व्यतिकरणाचा एक धाकटा, क्वचितच सांगितला जाणारा इतिहास आहे: मऊ पदार्थांचा मऊपणा मोजण्याचा.

२/ त्याचा आरंभ बर्लिनमध्ये होतो. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत हेल्महोल्ट्झ यांचे २३ वर्षांचे साहाय्यक हाइनरिख हर्ट्झ एका शंकेने पछाडले होते. दोन भिंगे एकमेकांवर ठेवली की मधल्या फटीत व्यतिकरणाची वलये दिसतात. परंतु दाबाने भिंगेच किंचित चेपत असतील, तर वलयांवरून काढलेले निष्कर्ष कितपत खरे? जानेवारी १८८१ मध्ये त्यांनी उत्तर मांडले. वक्र पृष्ठभाग किती बलाने किती रुततो, हे सांगणारे त्यांचे सूत्र १८८२ मध्ये छापले गेले. (रेडिओलहरींचे हर्ट्झ ते हेच.)

३/ सूत्र होते, पण पेशीसारख्या नाजूक वस्तूला हलकेच दाबणारे बोट नव्हते. ते १९८६ मध्ये मिळाले. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक घडवला: एका बाजूने जखडलेली सोन्याच्या वर्खाची पट्टी आणि तिला हिऱ्याचे टोक. पट्टी किती वाकली यावरून बल कळते. पुढे पेशींच्या ताठपणाचे आकडे याच उपकरणाने आणि बहुधा हर्ट्झ यांच्याच सूत्राने निघू लागले. त्या सूत्राला एकजिनसी, न चिकटणारा पदार्थ अपेक्षित असतो. पेशी तशी नसते. असे आकडे वाचताना ही अट विसरू नये.

४/ पट्टीचे वाकणे वाचायचे कसे, हा खरा पेच. १९८८ पासून रूढ झालेली रीत सोपी आहे: पट्टीच्या पाठीवर लेसर पाडायचा आणि परावर्तित ठिपका किती सरकला ते पाहायचे. मात्र ही रीत टोकाचा उतार सांगते, विस्थापन नव्हे. पट्टी सावकाश वाकत असेल, तर दोहोंचे प्रमाण ठरलेले असते. ती पाण्यात थरथरवली की प्रमाण बिघडते, आणि पाण्याने पट्टीला केलेला विरोध हाच रेणूचा गुणधर्म म्हणून नोंदला जाण्याचा धोका उभा राहतो.

५/ स्नायूंना लवचिकपणा देणारे टायटिन हे प्रथिन याच उपकरणाने १९९७ मध्ये ताणले गेले. त्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या. उलगडण्याचे बल कळले. पण घडी शाबूत असताना ती किती ताठ आणि तिच्यात अंतर्गत घर्षण किती, हे अनुत्तरितच राहिले.

६/ पुण्याच्या आयसर संस्थेतील शिवप्रसाद पाटील यांच्या गटाने येथे व्यतिकरणमापी असलेला अणुबल सूक्ष्मदर्शक वापरला. तो उताराऐवजी थेट विस्थापन मोजतो. २०२२ मध्ये या गटाने टायटिनच्या घडीचा ताठपणा आणि अंतर्गत घर्षण एकाच वेळी मोजल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे ९५ पिकोन्यूटनपर्यंत घडी स्थितिस्थापक घन पदार्थासारखी वागते. त्यापुढे मऊ होते आणि तिच्यात घर्षण दिसू लागते.

७/ देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. गुरुत्वलहरी वेधशाळांच्या आरशांवरील लेपांत असेच अंतर्गत घर्षण असते आणि त्यातून उठणारा उष्णताजन्य गोंगाट वेधशाळेच्या संवेदनक्षमतेला मर्यादा घालतो. ते घर्षण मोजण्यासाठी फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी तोच लेप सूक्ष्मदर्शकाच्या इवल्याशा पट्ट्यांवर चढवला आणि त्यांची थरथर व्यतिकरणाने वाचली.