वजनकाटा आणि फुप्फुसाचा रोग

फुप्फुसाच्या जुनाट रोग्याला भरपूर खाऊ घालायचे आणि त्याचे वजन नेमाने नोंदवायचे ही प्रथा एकोणिसाव्या शतकातील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत रुजली. हेर्मान ब्रेमर याने 1854 च्या सुमारास सिलेशियातील ग्योर्बर्सडोर्फ येथे सुरू केलेल्या आरोग्यधामात डोंगरातील मोकळी हवा आणि बेताचे चालणे यांच्याइतकाच पौष्टिक आहारही उपचाराचा भाग होता. त्याचाच एकेकाळचा रुग्ण पेटर डेटवायलर याने 1876 मध्ये फाल्केनश्टाइन येथे चालण्याऐवजी सक्तीच्या विश्रांतीवर भर दिला, परंतु आहाराचा आग्रह कायम ठेवला. क्षयावर औषधच नव्हते, रोगी झिजताना मात्र सर्वांना दिसत होता. त्यामुळे वाढलेले वजन म्हणजे मागे हटलेला रोग, हे समीकरण कोणालाच खटकले नाही. (चरकसंहितेतही राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत मांसरसाला मोठे स्थान आहे, तेव्हा ही समजूत केवळ युरोपची नव्हती.)

या समीकरणाला पहिला मोठा तडा मद्रासमध्ये गेला. तेथे 1956 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात क्षयरोग्यांच्या एका गटावर आरोग्यधामात आणि दुसऱ्यावर घरीच, दोन्हीकडे तीच औषधे देऊन, वर्षभर उपचार करण्यात आले. आरोग्यधामातील रुग्णांना सकस अन्न व विश्रांती मिळाली आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. तरीही दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या जेवणावर राहणारे रुग्ण जवळपास त्यांच्याइतकेच बरे झाले, असे 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. याचा अर्थ अन्न बिनमहत्त्वाचे असा घेणे चूक ठरेल, कारण कुपोषणाने क्षय जडण्याचा धोका वाढतो. तथापि प्रभावी औषध हाती आल्यावर वजनवाढ ही रोगमुक्तीची खूण म्हणून अपुरी आहे, एवढे या अभ्यासाने निर्विवाद दाखवले.

सीओपीडी या विकारात, म्हणजे धुरासारख्या कारणांनी श्वासमार्ग कायमचे अरुंद होतात आणि वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात त्या रोगात, चूक नेमकी उलट दिशेने झाली. 1950 च्या दशकापासून वैद्यकाचे विद्यार्थी या रोग्यांचे दोन नमुने पाठ करीत आले: एक कृश, धापा टाकणारा पण गुलाबी वर्णाचा, दुसरा स्थूल, सुजलेला आणि निळसर. या वर्गीकरणात कृशपणा हा रोग्याचा स्वभावच ठरून गेला, आणि शरीर लहान झाल्याने प्राणवायूची गरज कमी होते, म्हणून हा एक प्रकारचा जुळवून घेण्याचा मार्ग आहे, असे समर्थनही पुढे आले. ते ऐकायला तर्कशुद्ध होते, पण त्याने एका पिढीच्या रुग्णांचे नुकसान केले असे म्हणावे लागते. 1989 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर, फुप्फुसाची क्षमता सारखी असतानाही कमी वजनाचे रुग्ण अधिक मरतात, असे आढळले. पुढे नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथे आनेमी स्कोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये असे दाखवले की, आठ आठवड्यांत दोन किलोपेक्षा अधिक वजन वाढलेल्या रुग्णांचे आयुर्मान तुलनेने बरे होते.

तरीही मूळ प्रश्न उरलाच, की वाढते किंवा घटते ते नेमके काय. बेल्जियन गणिती केतले याने 1830 च्या दशकात मांडलेले आणि 1972 मध्ये अ‍ॅन्सेल कीज याने बॉडी मास इंडेक्स असे नाव दिलेले वजन-उंचीचे गुणोत्तर चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही. तो भेद करण्याची वाट अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी 1942 मध्ये माणसाला पाण्याखाली तोलून दाखवली होती, कारण चरबीची घनता इतर ऊतींपेक्षा कमी असते. पण धाप लागलेल्या रुग्णाला पाण्यात बुडवणे शक्य नव्हते. शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा विरोध मोजणारी यंत्रे आली, तेव्हाच चरबी वजा जाता उरणारे वस्तुमान, ज्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, रुग्णाच्या खाटेपाशी मोजता येऊ लागले. कोपनहेगनमधील 1,898 सीओपीडी रुग्णांच्या 2006 मधील अभ्यासात बॉडी मास इंडेक्स सामान्य असलेल्यांपैकी सुमारे 26 टक्क्यांचे हे वस्तुमान फारच कमी निघाले, आणि त्याचा मृत्यूशी स्वतंत्र संबंधही आढळला. काट्याने निरोगी ठरवलेला प्रत्येक चौथा रुग्ण आतून झिजलेला होता.

भारतीय वाचकाने हा इतिहास येथेच थांबवू नये. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांच्यासह 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छायाचित्रात दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. ते संशोधन मधुमेहाविषयीचे असले तरी फुप्फुसविकारालाही तितकेच लागू पडते. सीओपीडीची तीव्रता ठरवण्यासाठी 2004 पासून वापरल्या जाणाऱ्या बोड निर्देशांकात 21 ही बॉडी मास इंडेक्सची सीमा आहे. चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या, आयुष्यभर सडपातळ असलेल्या ग्रामीण स्त्रीला तीच सीमा स्नायूंचे मोजमाप न करता लावणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.